पावलांचा वंश

त्याला तोंड नसतं. पोटही नसतं. दोन शेपट्या असतात, एक पुढे ओढणारी, एक मागून दिशा देणारी. एवढ्या भांडवलावर तो पाण्यात काही तास पोहतो, मुळाच्या वासामागे. मूळ सापडलं तर त्याचं पुढचं आयुष्य सुरू होतं. नाही सापडलं तर तिथेच संपतं.

*

उतरण एकट्याने होत नाही.

*

आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, वाहनात बसत नाहीत. चपला घालत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर एका गावात रेंगाळत नाहीत. नाव, गाव, घर, भाऊ हे सगळं दीक्षेच्या दिवशी मागे राहतं.

*

काळी मिरी आणि पानवेल या सख्ख्या नाहीत, पण चुलत बहिणी आहेत. एकीचं दुखणं दुसरीला लागतं.

*

सन्मती मगदूमच्या स्वयंपाकघरात दोन पाट आहेत. त्यातला एक भिंतीला टेकून उभा असतो. त्याच्यामागे पालीने अंडी घातली तेव्हा सन्मतीने ती काढली नाहीत. पाट लागणार नव्हताच.

*

लाल दिवा कसा असावा यावर शिरंगीच्या पानमळा समितीत दोन बैठका झाल्या होत्या. फार भडक नको, असं ठरलं. येणाऱ्याला लाज वाटू नये.

•

शिरंगी मिरजेच्या पूर्वेला आहे आणि पानांवर जगते. शेवरीच्या उंच, सडपातळ झाडांवर वेल चढवलेले, आत भर दुपारी हिरवा अंधार, पायाखाली ओली गार माती. पानमळ्यात शिरताना चपला दारात काढायच्या, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. देवळात शिरताना शिकवतात का? पानवेल रागावते, मग पान खरखरीत होतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. तरुणांचा त्यावर विश्वास नव्हता, पण चपला तेही काढायचे.

वेल शेवरीच्या शेंड्याला पोचला की वर्षातून एकदा त्याला खाली घ्यावं लागतं. हीच उतरण. एकजण शिडीवर चढून वेल अलगद सोडवतो आणि खाली देत राहतो. दुसरा खाली बसून त्या लांबलचक दांड्याचं वेटोळं करतो, बुडाशी मातीत गाडतो, शेंडा मोकळा ठेवतो. वरच्याने घाई केली तर वेल पिचकतो, खालच्याने उशीर केला तर तुटतो. म्हणून उतरणीला गाव पैरा करायचं: आज तुमच्या मळ्यात आम्ही, उद्या आमच्या मळ्यात तुम्ही. थंडी सरता सरता सगळी शिरंगी अनवाणी पायांनी या मळ्यातून त्या मळ्यात फिरत असायची, आणि मळ्यांच्या दारात चपलांचे ढीग.

आणि दर पावसाळ्यात मर लागायची. उभा वेल दोन-चार दिवसांत माना टाकतो, बुडाशी काळा पडतो, ओढला की हातात येतो. दिसायला हे काम बुरशीचं वाटतं. तो जीव बुरशी नव्हे, नात्याने शेवाळाला जवळचा; पण मेलेल्या वेलाला त्याचं काय.

सन्मती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत याच जीवाच्या जनुकांचं वाचन करत होता. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तो गावी आला, आणि ते गेल्यावर परत गेला नाही. लग्न राहून गेलं होतं. आधी प्रयोगशाळा, मग आजारपण, मग सवय. त्याने मळ्यामळ्यातली माती गोळा केली, वाचली आणि मर कशी फिरते ते शोधून काढलं. ती तळव्यांवरून फिरत होती. चप्पल दारात राहिली की शेजारच्या मळ्याची माती तिच्याबरोबर बाहेर राहील असं वाटतं; पण शेजारच्या मळ्यातही चप्पल बाहेरच राहिलेली होती. ज्या आदराने माणसं चपला काढत होती, तोच आदर बोटांच्या बेचक्यांतून चिखल वाहून नेत होता.

त्याने गावाला रबरी बूट सुचवले. सभेत कुणी रागावलं नाही. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहिले, त्याने देव्हाऱ्यात बूट घालून जा म्हटल्यासारखे.

मग त्याने उंबरा केला.

•

उंबरा म्हणजे मळ्याच्या दारात बसवलेला धातूचा पत्रा. त्यावर अनवाणी उभं राहायचं. बारीक छिद्रांतून पाणी येतं, तळवे भिजवून खाली जातं, आणि त्या पाण्यातल्या जीवांची जनुकं खालचं यंत्र वाचतं. चहा गाळून कपात पडेपर्यंत दिवा लागतो.

हे जमतं कसं, तर त्या जीवाच्या एकटेपणामुळे. त्याच्या दोन जाती असतात. नर-मादी म्हणता येणार नाही, कारण दोघं दिसायला सारखेच. पहिली आणि दुसरी एवढंच म्हणू. शिरंगीत आजवर फक्त पहिली होती. जोडीदार नसला तरी या जीवाचं अडत नाही, तो स्वतःच्याच नकला काढत राहतो. नक्कल काढताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. पारिसा चौगुल्यांच्या मळ्यातल्या चुका वेगळ्या, तांबोळ्यांच्या मळ्यातल्या वेगळ्या. तळव्यावरचा चिमूटभर चिखल वाचला की तो कुणाच्या मळ्यातला, आणि साधारण किती दिवसांपूर्वीचा, हे कळतं.

स्वतःच्या मळ्याचा वंश असेल तर हिरवा. दुसऱ्याचा असेल तर लाल. औषधाच्या हौदात पाय बुडवा, उद्या या.

तीन पावसाळ्यांत मर ओसरली. आणि त्याच तीन पावसाळ्यांत गावाला कळलं की कोण कुणाच्या मळ्यात जातं. भावाशी बोलणं सोडलेला एक गृहस्थ दर आठवड्याला भावाच्याच मळ्यात बसून येत होता. त्याच्या बायकोला ते उंबऱ्याने सांगितलं. एका सुनेचं माहेर गावातच होतं. तिचे पाय इतक्यांदा लाल निघाले की सासूने पत्र्यापाशी पाट टाकून बसायला सुरुवात केली. कुणी कुणावर ओरडलं नाही. माणसं फक्त जायची थांबली. पैरा मोडला. उतरणीला आता बाहेरची टोळी येते, आणि मळा बदलताना हौदात पाय बुडवून उभी राहते.

सन्मतीचं घर मळ्यातच होतं. त्याच्या दारात पूर्वी संध्याकाळी चार माणसं यायची. आता त्याच्या उंबऱ्यावर रोज एकच वंश उमटायचा, त्याचा स्वतःचा. दिवा हिरवा. यंत्र उत्तम चालत होतं.

•

पारिसाअण्णा चौगुले समितीचे अध्यक्ष होते आणि बस्तीचे विश्वस्तही. बस्ती म्हणजे तिथलं जैन मंदिर. ते आले आणि मळ्याच्या बाहेरच, रस्त्यावर उभे राहून बोलू लागले. आताशा सगळे असेच बोलत, कुंपणावरून.

"ऐकलं काय, सन्मती? तुमच्या माताजी यायल्यात."

"कुठल्या माताजी?"

"आता आमच्या मातीतल्या किती माताजी हैत? विरजमती माताजी. अथणी सोडली म्हणं. संघातल्या बाकीच्या पुढं कुंभोजला पोचल्या, ह्या आणि एक दीदी, दोघीच मागनं चालत यायल्यात. उद्या दुपारपर्यंत बस्तीत. परवा आहार करून निघणार."

सन्मतीने हातातली पानं टोपलीत ठेवली. विरजमती हे नाव त्याला कधीच तोंडात बसलं नव्हतं. ती त्रिशला होती, त्याची बहीण, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी, डावखुरी, आगाऊ. उतरणीला तो शिडीवर आणि ती खाली. सगळं गाव वेलाचं वेटोळं उजवीकडे वळवत असे, ती डावीकडे. तिला कुणी टोकलं की म्हणायची, वेलाला काय कळतंय, त्याला झोपायला जागा मिळाल्याशी कारण. चोविसाव्या वर्षी, उतरण अर्धी झालेली असताना, ती आर्यिकांच्या संघाबरोबर गेली. उरलेल्या ओळी वडिलांनी मजूर लावून उरकल्या. बावीस वर्षांत तिचा पाय गावाला लागला नव्हता.

"चातुर्मास कुठे होता त्यांचा?" त्याने विचारलं.

"तिकडं खाली, मलनाडात. मिरीच्या बागा हैत बघा, तिथं."

अण्णा पुढे बरंच बोलले. गावात चौके, म्हणजे साध्वींच्या आहारासाठी मांडलेली सोवळी स्वयंपाकघरं, किती लागणार, कोण कलश घेऊन उभं राहणार, पाय धुतलेलं पाणी कुणाला किती, हे बायकांनी आत्ताच ठरवून ठेवलंय, ज्याला त्याला वेलाच्या बुडाशी घालायचंय. सन्मतीला त्यातले फक्त दोनच शब्द ऐकू आले होते. मिरी. पाणी.

•

मिरीच्या बागांत दोन्ही जाती आहेत.

पहिली आणि दुसरी भेटली की त्यांचं एक वेगळंच बीज तयार होतं, जाड कवचाचं. नकला पावसाबरोबर येतात आणि उन्हाबरोबर जातात. हे बीज मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, औषधाला दाद देत नाही. शिवाय त्यात दोघांची जनुकं पिसली जातात, आणि दर पिढीला नवा वंश निघतो. मग उंबऱ्याला ओळखीचं काही राहत नाही. मलनाडातल्या ज्या बागांत दोघं भेटले तिथे आता मिरी लावत नाहीत.

म्हणून समितीच्या नियमांत एक कलम होतं, सन्मतीनेच लिहिलेलं. दुसरी जात कुणाच्याही पायाला सापडली तर सगळ्या गावाला कळवायचं. त्या माणसाला कुठल्याही मळ्यात घ्यायचं नाही. घेतलं तर तो मळा कापून, जाळून, कुंपण घालून बंद, आणि गावचं पान बाजारात जाणार नाही.

कलम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कुणी माणूस नव्हता.

•

बस्तीच्या सभामंडपात दुपारी तीच-तीच चार माणसं दर्शन घेऊन गेली आणि जागा मोकळी झाली. विरजमती माताजी भिंतीशी बसल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. केस उपटून काढलेलं डोकं पदराखाली लहान दिसत होतं. बरोबरची ब्रह्मचारिणी, सुनीती दीदी, खांबाशी जप करत होती.

"वंदामि, माताजी," म्हणून सन्मती पुरुषाने बसायचं तेवढ्या अंतरावर बसला. त्यांनी पिच्छी किंचित उचलली. चेहऱ्यावर ओळख होती, ओढ नव्हती. किंवा असेल तर ती कुठे ठेवायची हे त्यांना बावीस वर्षांत येऊ लागलं होतं.

त्याने काखोटीतला फिरता उंबरा खाली ठेवला आणि आधी त्या जीवाबद्दल सांगितलं. मर, तळवे, दोन जाती, मिरी. सांगताना त्याला बरं वाटत होतं. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

माताजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती इंद्रियांचा आहे तो?"

त्याला आजवर पुष्कळ तज्ज्ञांनी पुष्कळ विचारलं होतं. हे नाही.

"स्पर्श असावा," तो म्हणाला. "तोंड नाही, म्हणजे चव नाही. पण मुळाचा वास त्याला कळतो. वासाकडे वळतो."

"चव नाही आणि वास आहे." त्या विचारात पडल्या. "आमच्या यादीत चव आधी येते, वास नंतर. मधली पायरी गाळून हा कसा वर गेला?"

"यादीच्या वेळी तो हजर नसेल."

"मग बसवायचा कुठं त्याला?"

"दारात," सन्मती म्हणाला. "आम्ही तिथंच बसवलाय."

खांबाशी दीदींचा जप अडखळला. माताजी हसल्या नाहीत, पण डाव्या भुवईचं टोक वर गेलं. ते टोक त्रिशलाचं होतं.

"आणि तो माझ्या पायाला आहे असं तुम्हाला वाटतं."

"वाटून उपयोग नाही. बघावं लागेल." तो थांबला. "पाणी उकळून आणलंय."

त्यांनी मान हलवली. उठताना भिंतीचा आधार घेतला, तरी तोल गेलाच. दीदी धावून आल्या आणि दंडाला धरलं. एवढ्यात गुडघे गेले हिचे, त्याला वाटलं. माताजी पत्र्यावर उभ्या राहिल्या. टाचांना भेगा होत्या, रुपया उभा मावेल एवढ्या, आणि भेगांत माती इतकी जुनी की ती कातडीचाच रंग झाली होती. त्या टाचा वडिलांच्या होत्या. त्याला त्या धुवाव्याशा वाटल्या. तो हातही लावू शकत नव्हता. पत्र्याला मुभा होती, त्याला नव्हती.

दिवा लागला.

"लाल म्हणजे?"

"अनोळखी वंश आहे. दुसरी जात."

"जिवंत आहे का?"

हा प्रश्न समितीत कधी कुणी विचारला नव्हता. "ते यंत्राला कळत नाही," तो म्हणाला. "ते वंश वाचतं. मेलेल्याचाही वाचता येतो. जिवंत आहे का ते बघायचं तर ही माती पाण्यात कालवून त्यावर पानाचे तुकडे सोडायचे. जिवंत असला तर वासाने येतो, पान काळं पडतं. चार-पाच दिवस लागतात."

"आम्ही उद्या निघतो."

"थांबता येणार नाही, त्रिशे?"

दीदींनी मान वर केली. माताजींनी मात्र ते नाव रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाची हाक असावी तसं जाऊ दिलं.

"गुरुमातांनी अन्नपाणी सोडलंय, सल्लेखना चालू आहे कुंभोजला," त्या म्हणाल्या. "देह आहे तोवर पोचायला हवं."

शेवटी त्याने, उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही, उद्या आहाराला कुठल्या बाजूला येणार ते विचारलं. साध्वी आहाराला निघण्याआधी मनाशी एखादी खूण धरतात: अमुक दिसलं तरच थांबायचं. हातात नारळ असलेली बाई, दारात बांधलेलं वासरू, काहीही. ती खूण कुणाला सांगत नाहीत. दिसली तर त्या दारात थांबतात. नाही दिसली तर उपाशी परततात, आणि खूण तशीच दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

"ते आम्ही सांगत नसतो," माताजी म्हणाल्या. "श्रावकाने दारात उभं राहायचं की नाही, एवढंच श्रावकाकडे असतं."

•

यंत्रावर 'कळवा' असं बटण आहे. ते दाबलं की गावातल्या प्रत्येक फोनवर एकच ओळ जाते.

सन्मती बस्तीच्या पायरीवर बसला. मळ्याच्या दारात आपण कलश घेऊन उभे आहोत आणि ती येते आहे, हे चित्र त्याने अथणीचं नाव ऐकल्यापासून किती वेळा पाहिलं होतं. एकट्या पुरुषाला चौका लावता येत नाही. म्हणून त्याने मनातल्या मनात चौगुल्यांच्या कुसुमवहिनींना बोलावलं होतं, तांबोळ्यांच्या घरून दूध आणलं होतं, भिंतीचा पाट पुसून ठेवला होता. घरात माणसं असणार होती. त्यासाठी फक्त एक गोष्ट करायची नव्हती.

आपला मळा गेला तरी चालेल, असाही विचार त्याने केला. तिला आत घ्यायचं आणि नंतर सगळं कापून टाकायचं. पण मग तिच्या एका जेवणासाठी एक मळा जाळला असं होईल, आणि ते तिला कळलं तर ती उरलेलं आयुष्य त्याचं प्रायश्चित्त घेत राहील. शिवाय पाणी कुंपण मानत नाही. खाली चौगुल्यांचा मळा, त्याखाली तांबोळ्यांचा, त्याखाली सगळी शिरंगी.

गावात दारं पुष्कळ आहेत, त्याने स्वतःला समजावलं. कुठंतरी आहार होईलच.

त्याने बटण दाबलं.

•

संध्याकाळी पारिसाअण्णा कुंपणाशी आले ते धुमसतच. माताजींच्या पायांनी रोग येतो, हे वाक्य एका जैनाच्या तोंडून आलं, आता हेच ऐकायचं राहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. बायका रडायला लागल्यात. पाणी वेलाला घालू नका म्हणून तुम्ही सांगितलंय, मग काय गटारीत ओतू? बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला.

"एक विचारू? तुमच्या बहीण हैत म्हणून तर न्हाई ना असं? ती गेली त्याचा राग."

"राग असता तर बरं झालं असतं, अण्णा."

"मग यंत्र एक दिवस बंद ठेवायचं. कोण बघायला येतंय?"

"तुम्ही उभे राहणार का उद्या? तुमच्या मळ्याच्या दारात?"

अण्णांनी पंच्याने तोंड पुसलं. त्यांचा मळा सगळ्यांत जुना. "माझं काय घेऊन बसलाय," असं काहीतरी म्हणून ते वळले, आणि चार पावलांवर थांबून पाठमोरेच बोलले. "माणूस तोडायचं यंत्र केलंस बाबा. रोग तोडायचं म्हणून केलंस, पण झालं हे."

अण्णा त्याला अरेतुरे करत ते लहानपणी. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्याला असं बोललं होतं, आणि त्याला वाटलं, ते अजून थोडं थांबते तर.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं नाही ते असं:

सन्मती दारात उभा राहिला नाही. त्याने कलश हातात घेतला नाही. ‘अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ’ अशी आहाराला थांबवणारी हाक त्याच्या दारातून गेली नाही. कुसुमवहिनी आल्या नाहीत. भिंतीचा पाट खाली घातला गेला नाही. पारिसाअण्णा त्यांच्या मळ्याच्या दारात उभे राहिले नाहीत, आणि मळ्यांच्या रस्त्यावर दुसरंही कुणी उभं राहिलं नाही.

माताजी गावातल्या एकाही दारात थांबल्या नाहीत. नारळ घेतलेल्या, आंब्याचे डहाळे घेतलेल्या, सात कलशांची उतरंड मांडलेल्या, सगळ्यांच्या समोरून त्या तशाच पुढे गेल्या. बायका वस्तू बदलून पळत पुढच्या वळणावर उभ्या राहिल्या, तिथेही त्या थांबल्या नाहीत.

नंतर त्या मळ्यांच्या रस्त्याला लागल्या, हे मात्र झालं.

सन्मती आत, वेलांच्या दुसऱ्या ओळीमागे उभा होता. पानांच्या फटींतून त्याला पांढरी साडी दिसली. डावा हात खांद्याशी दुमडलेला. आहाराला निघालेल्या साध्वीचा उजवा हात तसा असतो. ही डावखुरी, हिने तेवढी सूट कुणाकडून मिळवली होती कोण जाणे. त्या अगदी सावकाश चालत होत्या. त्याच्या दारासमोर त्या उभ्या राहिल्या. दाराच्या कमानीवर आईच्या हातचा वेल होता, जमिनीतून उठून दोन्ही बाजूंनी चढलेला. माताजींनी त्याच्याकडे बघितलं, बुडापासून शेंड्यापर्यंत. मग रिकाम्या दाराकडे. उंबऱ्यावर कुणी नव्हतं, म्हणून दिवा विझलेला होता.

एक हाक पुरली असती. तोंड त्याला होतं.

खांद्यावरचा हात खाली आला. हात खाली आला म्हणजे आजचा आहार संपला. त्या वळल्या आणि आल्या रस्त्याने परत गेल्या, आणि दुपारी दोघी कुंभोजच्या वाटेला लागल्या.

रात्री समितीचा निरोप सगळ्या फोनवर आला. सन्मती मगदूम यांनी वैयक्तिक भावना बाजूला ठेवून दाखवलेल्या दक्षतेबद्दल आभार.

•

वाडगा खिडकीत होता. पाणी, तळाशी तिच्या टाचांतली माती, वर तरंगणारे पानाचे पाच तुकडे. तो रोज सकाळी बघत होता. पान काळं पडावं, असं त्याला वाटत होतं. असं काही वाटण्याची त्याची ही पहिलीच वेळ. काळं पडलं तर तो बरोबर होता, आणि बरोबर असणं ही त्याच्याकडे उरलेली एकच सोबत होती.

तिसऱ्या दिवशी पान हिरवं. पाचव्या दिवशी हिरवं. आठवड्यानंतर ते कडेने पिवळं पडलं, खुडलेलं कुठलंही पान पडतं तसं. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं. काही नव्हतं. मलनाडातून इथवर डांबरावरून येताना तो जीव कधीतरी मरून गेला होता. तिने टाचांत फक्त त्याचा वंश वागवत आणला होता.

हे त्याने कुणाला कळवलं नाही. यंत्रावर तसं बटण नव्हतं.

उतरण तोंडावर आली होती. यंदा त्याने टोळी बोलावली नाही. शिडीवर चढून तो एक वेल सोडवायचा, सुतळीने फांदीला अडकवायचा, खाली उतरायचा, वेटोळं करायचा, पुन्हा वर. बरेच वेल तुटले. शेवटच्या ओळीला बुडाशी माती उकरली तेव्हा जुनी वेटोळी लागली, दांड्यासारखी टणक, काळपट, जिवंत. वरची सगळी उजवीकडे वळलेली. त्यांच्याखाली, सगळ्यांत खोल, डावीकडे.

तो तिथेच मातीत बसला. मग हातातला वेल त्याने डावीकडे वळवून पाहिला. हात अडखळला, दुसऱ्यांदा जमलं. त्याने ती सगळी ओळ तशीच निजवली.

कुंपणावरून कुणाचा तरी आवाज आला, पण तो रस्त्याने जाणाऱ्यांचा होता.

•

अथणी सोडताना माताजींनी मनाशी धरलेली खूण ही होती: दाराशी जमिनीत रुजलेली पानवेल. शिरंगीच्या बस्तीत त्या भिंतीला धरून उठल्या, तेव्हा अथणीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही गेलेला नव्हता.